फोटोखाली माझं नाव लिहिणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

मारेगावात तुमच्या स्टुडिओत मी कॅमेरा शिकले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या छापून आलेल्या पहिल्या फोटोचं मात्र कुणाला फारसं माहीत नाही. म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

त्या दिवशी अवकाळी पावसानं बाजार समितीत कापसानं भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) भिजत होत्या. एक म्हातारा शेतकरी अंगातला सदरा काढून कापसावर पसरत होता. तुम्ही तापानं फणफणला होता, म्हणून तुमचा यशिका कॅमेरा घेऊन मी गेले. पेपरचे फोटोग्राफर तुम्ही. फोटो तुमच्याच नावानं जाणार, असं मी धरून चालले होते. तुम्ही अंथरुणातून उठून प्रिंट काढली, वाळवली, मागं बॉलपेननं 'छायाचित्र' लिहून पुढं माझं नाव घातलं आणि पाकीट एसटीच्या पार्सलला दिलं. "असू द्या ना तुमचंच," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "कायले? होमाईबाईसंगं जे झालं, ते तुयासंगं नाही होऊ द्याचं."

होमाई व्यारावाला मला कळल्या त्या तुमच्यामुळे. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या, माणेकशांच्या नावानं छापले जात. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन पुरुषांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या. फाळणीच्या ठरावासाठी हात वर केलेले काँग्रेसचे नेते, लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं त्यांनी टिपलं. पद्मविभूषण मिळालं ते २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी! इतका उशीर का व्हावा, याचा मला अजून राग येतो.

बाबांचा तेव्हा विरोध होता. हमाल-दलालांच्या गर्दीत पोरीनं कशाला जायचं, म्हणत. तुम्ही आमच्या ओट्यावर बसून त्यांना होमाईबाईंचं सगळं सांगितलं, माझा फोटो छापलेला पेपर त्यांच्या हातात दिला. त्यानंतर त्यांनी मला कधी अडवलं नाही.

आता मी जिल्ह्याच्या पेपरात आहे. तालुक्यांतून पोरं-पोरी फोटो पाठवतात. कुणी काढला, हे विचारून त्याचं नाव टाकल्याशिवाय मी पान सोडत नाही.

पोळ्याला गावी येते आहे. दुपारी घरीच राहा, काका. बाबाही सोबत येणार आहेत, त्यांनाही तुमचे आभार मानायचे आहेत.

तुमची विद्यार्थिनी