वनमंत्र्यांना खुले पत्र: वणव्याचा माग रात्री, विमानातून

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि गडचिरोली-मेळघाटात वणव्याचे दिवस सुरू होतात. वणवा लागल्याचं आपल्या खात्याला मुख्यतः भारतीय वन सर्वेक्षणाच्या उपग्रह-संदेशातून कळतं. सोय उत्तमच आहे, पण त्यातला व्हीआयआयआरएस संवेदक (उपग्रहावरचं आग टिपणारं उपकरण) दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका 375 मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे 14 हेक्टर. संध्याकाळी चारला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसणार. तोवर वाळल्या सागाच्या पाल्यातून ती कुठवर गेली असेल, हे वनरक्षकाला विचारा.

ही मधली वेळ उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेल्या विमानाने भरून काढता येते. जळतं लाकूड 3 ते 5 मायक्रॉनच्या अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या) लहरींच्या पट्ट्यात सर्वाधिक झळकतं, आणि त्या लहरी धुरातून बऱ्याच अंशी पार होतात. म्हणून डोळ्याला नुसता धूर दिसतो, तिथे कॅमेऱ्याला आगीची कड दिसते. अमेरिकेची वनसेवा 1960च्या दशकापासून हे तंत्र वापरते आहे, तेही बहुतेक रात्री. आपल्याकडे तर रात्रच हवी: मे महिन्याच्या दुपारी तापलेला कातळ कॅमेऱ्याला चकवू शकतो. दाट सदाहरित रानात पानांचं छत आड येतं, हे खरं. पण विदर्भातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो.

माझ्या मते याचा खरा उपयोग आग विझल्यावर आहे. जाळरेषेपाशी, म्हणजे आग अडवायला पालापाचोळा काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यापाशी, ज्वाळा थांबल्या की दमलेली माणसं घरी जातात. आत एखादा ओंडका धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा सुटला की पुन्हा पेट. असे ओंडके शोधायला विमानही नको, उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन पुरे.

म्हणून मागणी एवढीच. पुढच्या हंगामात दोन-तीन वनविभागांत रात्रीची उड्डाणं करून पाहा. नकाशा नागपूरच्या मुख्यालयात अडकू न देता पहाटेपूर्वी वनरक्षकाच्या मोबाइलवर पोचू द्या. आणि त्या नकाशावर धावणारे हंगामी अग्निरक्षक वेळेत नेमा, त्यांची मजुरी महिन्याच्या महिन्याला द्या. कॅमेरा आग विझवत नाही, साहेब. खरेदीच्या फायलीत माणसांचा हा खर्च शेवटी टाकला जातो, तो या वेळी पहिला टाका.

आपला,
विदर्भातील एक नागरिक