आवाज वाढला, पिकअप तोच

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात मॉडिफाईड गाड्यांवरच्या कारवाईची बातमी होती, सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवतानाचा फोटो वगैरे. फटाके फोडणाऱ्या बुलेटवाल्यांचा मला काडीचाही पुळका नाही, आमच्या गल्लीतून एक जण रोज रात्री साडेबाराला जातो आणि आख्खी बिल्डिंग जागी करतो. पण त्याच बातमीत "एअर फिल्टर बदलून इंजिनाची ताकद वाढवली जाते" असं एक वाक्य होतं, ते वाचून मला हसूच आलं. ताकद वाढली असती तर हे पत्र कशाला लिहिलं असतं?

माझ्याकडे फियाटची अबार्थ पंटो आहे. विंचवाचा बिल्ला, १.४ लिटरचं टर्बो (म्हणजे पंख्याने हवा दाबून इंजिनात भरणारं) पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, आणि बनलेली कुठे तर आपल्या रांजणगावला. २०१५ ला आली तेव्हा दहा लाखांच्या आसपास एवढी पॉवर मिळते म्हणून डोळे झाकून घेतली, नंतर फियाटने इथला संसार गुंडाळला ते सोडा. तर या गाडीला मी हौसेने कोल्ड एअर इन्टेक बसवला, म्हणजे इंजिनाला गार हवा मिळावी म्हणून वेगळा पाईप आणि फिल्टर. कंपनीचा काळा प्लास्टिकचा एअरबॉक्स काढायचा, त्या जागी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाईप, सिलिकॉनचा होज आणि पुढे लाल शंकूसारखा तेल लावलेला कॉटनचा फिल्टर. अठरा हजार रुपये. दुकानदार म्हणाला, "दहा-पंधरा हॉर्सपॉवर कुठे गेली नाही साहेब."

बसवून बाहेर पडलो आणि खरं सांगतो, वेड लागायची पाळी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टर्बो श्वास ओढतो तो ऐकू येतो, सोडला की फुस्स. गाडी उडतेय असंच वाटतं. पण मी मूळचा क्वालिटीवाला माणूस, मोजल्याशिवाय झोप येत नाही. जुना बॉक्स होता तेव्हा पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० चा टाइम तीनदा घेऊन ठेवला होता, तोच रस्ता, तेच पेट्रोल, परत तीनदा घेतला. फरक शून्य! म्हणजे होता तो इतका की माझ्या पायाच्या चुकीत बसून जाईल.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, किती द्यायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, फिल्टर थोडा मोकळा झाला तर टर्बोला थोडे कमी कष्ट पडतात, बस, ईसीयू काही आपणहून जास्त बूस्ट देत नाही. आणि कंपनीचा बॉक्स गार हवा पुढूनच घेत होता की, त्याला वेगळं कोल्ड करायची गरज कुठे होती! उलट माझा उघडा फिल्टर बोनेटखालची रेडिएटरने तापवलेली हवा ओढत होता. हवा १० डिग्री तापली की साधारण ३ टक्के पातळ होते, टर्बोतून आलेली हवा गार करणारा इंटरकूलर सावरून घेतो थोडंफार, पण ट्रॅफिकमध्ये तोही तापतो. ईसीयूचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून वारज्याच्या पुलाखाली अडकलो होतो तेव्हा बघितलं, बाहेर ३६ आणि इन्टेकला ६८. जुन्या बॉक्सवर तिथेच, तशाच उन्हात ५२ दिसायचं.

हे दुकानदाराला सांगितलं तर त्याच्याकडे उत्तर तयार, अजून एक पाईप. फिल्टर खाली नेला, बंपरच्या आत फॉगलॅम्पच्या मागे. टेम्परेचर उतरलं, मी खूश.

मग आला जून. एका अंडरपासमध्ये पाणी साचलं होतं, जेमतेम अर्ध्या चाकाला, पुढून एक अल्टो आरामात गेली म्हणून मीही घातली. मधोमध गाडीने एक उचकी दिली आणि बंद. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात शेजारचा रिक्षावाला ओरडला, "सेल मारू नका साहेब, मारू नका!" त्या माणसाचे उपकार कसे फेडू कळत नाही. टोचन लावून गॅरेजला नेली, मिस्त्री काकांनी चारही प्लग काढले, मग सेल मारला तर दोन सिलिंडरमधून पाण्याची पिचकारी थेट बोनेटला. खाली नेलेल्या फिल्टरने पाणी ओढलं होतं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, मग वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड, आणि या गाडीचे पार्ट आता शोधायचे कुठे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा साध्या गाड्यांचीही इंजिनं गेली, पण तेव्हा आभाळ फाटलं होतं. माझ्या वेळी अल्टो गेली होती. आणि रॉड वाकला असता तर इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर मी घेतलेलं नव्हतं, साध्या पॉलिसीत असला क्लेम सहसा बसत नाही, वर विमा कंपनीला न कळवलेला पाईप सर्व्हेअरला दिसलाच असता.

काकांनी मग मला फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपात बोट फिरवायला लावलं. बोटाला मेंदीसारखी बारीक लालसर पावडर! क्लिप ढिली होती, धूळ बाजूने आत जात होती, आणि आत टर्बोची पाती लाखाच्या वर आरपीएमने फिरत असतात. ज्या गाड्यांना आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो त्यांच्यात फिल्टरचं जास्तीचं तेल त्या सेन्सरवर बसतं, ते अजून वेगळं दुखणं.

इन्टेक म्हणजे निव्वळ फसवणूक असं माझं म्हणणं नाही. ज्याने ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून रिमॅप केलाय, मोठा टर्बो टाकलाय, त्याला जास्त हवा लागतेच, नीट बंद बॉक्सवाला आणि उंचावर बसवला तर चांगला चालतो. पण कंपनीतून आली तशीच असलेल्या स्टॉक गाडीला लावून तुम्ही आवाज विकत घेता, एवढं तरी गाडीवाल्याला सांगा की.

आणि आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही असं आहे, बेकायदा बदलाला २०१९ च्या दुरुस्तीपासून प्रत्येकी ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. ठीक. पण फिल्टरचा आरसीवर उल्लेखच नसतो, मग तो चालतो की नाही? मी तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. रोडरोलर फिरवताय ते फिरवा, पण काय चालतं आणि काय नाही याची साध्या मराठीत यादी ऑफिसच्या भिंतीवर लावा, आणि संपादक साहेब, तुम्हीही ती एकदा पहिल्या पानावर छापा.

जुना एअरबॉक्स माळ्यावर होता, तुमच्याच रविवारच्या पुरवणीत गुंडाळलेला, तो परत बसवला. आता तीच पुरवणी पाईपाभोवती गुंडाळून पाईप माळ्यावर टाकलाय. बायको भंगारात द्या म्हणते, माझा अजून जीव होत नाही.

आपला,
एक पंटोवाला, वारजे, पुणे