टेकडीकडच्या गेटचा व्हिडिओ इंटरकॉम: शनिवारी खोदकाम

सर्व सभासदांना नमस्कार,

टेकडीकडच्या मागच्या गेटवर व्हिडिओ इंटरकॉम बसवण्याचं काम शनिवारी सकाळी १० वाजता सुरू होईल. ए विंगसमोरच्या गाड्या आदल्या रात्रीच हलवा. ऑफिसपासून गेटपर्यंत फायबर (काचेच्या तंतूची केबल) टाकायची आहे आणि तिचा चर खणायला तीच एक सरळ वाट आहे.

"साधी वायर ओढा की, फायबर कशाला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. नेटवर्कची तांब्याची केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच धरतात आणि ऑफिसातल्या स्विचपासून (नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा) ते गेट १८० मीटरवर आहे. वायफायच्या आड दोन इमारती येतात. शिवाय वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या लांब वायरीतून झटका थेट यंत्रांपर्यंत पोचतो. गेल्या मे महिन्यात दोन कॅमेरे असेच गेले, विसरला नसाल. काचेच्या फायबरला ती भीती नाही. मात्र फायबरमधून वीजपुरवठा होत नाही, म्हणून तो चौकीतून घेऊ. कुलूप चुंबकी आहे, वीज गेली की उघडंच राहील, त्यामुळे छोटा यूपीएस लागणारच. कुलूप उघडणारा रिले (विजेवर चालणारा खटका) चौकीच्या आत असेल, म्हणजे बाहेरचा इंटरकॉमचा डबा कुणी उचकटला तरी गेट उघडणार नाही.

बेल मोबाईलवरही वाजेल. ज्येष्ठांना अ‍ॅप नको असेल तर घरातला जुना इंटरकॉम चालू राहील. फ्लॅट क्रमांक आणि मोबाईल नंबर गुरुवारपर्यंत ऑफिसच्या वहीत लिहा, इथे ग्रुपवर नको.

– सचिव