वापरलेल्या गाडीतील दडवलेल्या दोषाबाबत तक्रार आणि किंमत परत मिळण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ताबा घेतल्यापासून महिन्याच्या आत इंजिन निकामी झालेली गाडी परत घेऊन पूर्ण किंमत परत करण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी घेतलेली पेट्रोल गाडी ताबा मिळाल्यापासून महिना पूर्ण होण्याच्या आतच इंजिन तापून बंद पडली. याबाबत मी केलेली तक्रार आपल्या कार्यालयाने ‘गाडी वापरलेली असून ती आहे त्या स्थितीत विकलेली आहे’ एवढ्याच उत्तरावर निकाली काढली. हे उत्तर मला मान्य नाही. त्याची कारणे आपल्या विधी विभागालाही तपासता यावीत, म्हणून ती या पत्रात सविस्तर देत आहे.

गाडी बंद पडली त्या दिवशी तापमानाचा काटा वर चढू लागताच मी इंजिन बंद केले, त्यानंतर ते पुन्हा सुरू केले नाही आणि गाडी टोइंग करून गॅरेजमध्ये नेली. कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी आपल्याला ईमेलने कळवून तपासणीच्या वेळी आपला प्रतिनिधी हजर ठेवण्याची विनंती केली होती. त्या ईमेलची पोच मिळाली, प्रतिनिधी मात्र आला नाही. त्यामुळे तपासणी आपल्या माघारी झाली, अशी हरकत आता आपल्याला घेता येणार नाही.

गॅरेजच्या लेखी अहवालानुसार कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, ज्वलनाचा वायू मिसळत आहे. रसायनाचा रंग बदलतो का हे पाहण्याची जी चाचणी यासाठी करतात, तिच्यात तो निळ्याचा पिवळा झाला. याचा अर्थ सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांवरील झाकणासारखा भाग, आणि इंजिनाचा ब्लॉक यांमधील सील असलेले हेड गॅस्केट फुटले आहे किंवा सिलिंडर हेडलाच तडा गेला आहे. नेमके काय ते हेड उघडल्यावरच कळेल, आणि ते मी मुद्दाम अजून उघडू दिलेले नाही. माझ्या दृष्टीने यापेक्षाही गंभीर बाब वेगळीच आहे. कूलंटच्या टाकीत आणि रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी गाळ साचलेला आढळला असून तो गळती तात्पुरती बुजवण्यासाठी ओततात त्या ‘स्टॉप-लीक’ प्रकारच्या रसायनाचा असल्याचे गॅरेजने नोंदवले आहे. ताबा घेतल्यापासून मी कूलंटच्या टाकीचे झाकणही उघडलेले नाही. तेव्हा गळती आधीपासून होती, ती कोणाला तरी माहीत होती आणि ती दुरुस्त करण्याऐवजी बुजवली गेली, हाच निष्कर्ष समोर येतो.

याला स्कॅनरच्या नोंदीचाही आधार आहे. इंजिनाच्या संगणकातील दोषाचे कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर धावली, याची नोंद या गाडीत राहते. मीटरवरील आजच्या आकड्यातून ते अंतर वजा केले, तर हे कोड ताबा घेतेवेळच्या आकड्याच्या किंचित आधी, परंतु आपल्या तपासणी अहवालावरील आकड्यानंतर पुसले गेल्याचे दिसते. म्हणजे त्या वेळी गाडी आपल्या ताब्यात होती. काही गाड्यांत बॅटरी काढल्यानेही कोड पुसले जातात याची मला कल्पना आहे, आणि तसे झाले असेल तर ते आपल्याकडील नोंदींतून सहज दाखवता येईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत वाहनांच्या प्राधिकृत विक्रेत्यांसाठी तरतुदी आल्या असून त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार ताब्यातील वाहनाची प्रत्येक फेरी, तिचा उद्देश, चालक, वेळ आणि अंतर यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही विक्रेत्याने ठेवायची असते. या गाडीची ती नोंदवही आणि ती आपल्या ताब्यात असताना झालेल्या सर्व दुरुस्त्यांची बिले मला मिळावीत.

आता ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांविषयी. एखाद्या अनोळखी माणसाकडून रस्त्याच्या कडेला गाडी घेतली असती, तर या शब्दांना काही वजन आले असते. आपण मात्र केवळ गाडी विकलेली नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंग यंत्रणा तपासून ‘समाधानकारक’ असल्याचा सही-शिक्क्याचा अहवाल आपण दिला, त्या अहवालाच्या भरवशावरच मी व्यवहार ठरवला, आणि खासगी विक्रेत्याऐवजी आपल्याकडे येण्याचे कारणही तेच होते. एका कागदावर ‘कूलिंग यंत्रणा समाधानकारक’ असे लिहायचे आणि दुसऱ्या कागदावर बारीक अक्षरांत ‘कोणत्याही स्थितीची हमी नाही’ असे छापायचे, या दोन्ही गोष्टी एकाच विक्रेत्याला एकाच वेळी करता येतात असे मला वाटत नाही.

कायद्याचेही म्हणणे याहून वेगळे नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘दोष’ या संज्ञेच्या व्याख्येत, कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेल्या दर्जाबरोबरच, व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याप्रमाणे जो दर्जा असायला हवा त्यातील उणीवही येते. आपला तपासणी अहवाल हा असाच दावा आहे. याच अधिनियमाच्या कलम २(४७) नुसार मालाच्या दर्जाविषयी खोटे निवेदन करणे आणि पुरेशी चाचणी न करता त्याच्या कार्यक्षमतेची हमी देणे या दोन्ही अनुचित व्यापार प्रथा ठरतात. बिलावर मुदत दिलेली नसल्यास सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे, हेही त्याच कलमात आहे. आपल्या बिलावर अशी कोणतीही मुदत नाही. गाडी मी कुटुंबाच्या वापरासाठी घेतली असून ती व्यवसायासाठी वापरलेली नाही, त्यामुळे मी ‘ग्राहक’ आहे की नाही हा प्रश्नही उपस्थित होत नाही.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, अशी शर्त गृहीत धरली जाते. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांना ही शर्त लागू होत नाही, आणि आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर ‘टेस्ट ड्राइव्ह तर तुम्हीच घेतली होती’ असे सांगितले ते बहुधा याच अपवादाकडे बोट दाखवून. पण थोड्या अंतराच्या फेरीत, तेही गळती रसायनाने बुजवलेली असताना, हेड गॅस्केटचा दोष कोणाला दिसेल? तो इंजिन बराच वेळ भाराखाली तापल्यावरच उघड होतो. गृहीत शर्ती करारातील स्पष्ट मजकुराने वगळता येतात, असे सांगणारे कलम ६२ आपण पुढे कराल याचीही मला जाणीव आहे. त्यावर माझे म्हणणे असे की, येथे प्रश्न केवळ गृहीत शर्तीचा नसून आपण स्वतः लेखी दिलेल्या निवेदनाचा आहे, आणि अशा चुकीच्या निवेदनामुळे दिलेल्या संमतीवर झालेला करार भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे मला रद्द करता येतो. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियमाखालील हक्क इतर कायद्यांखालील हक्कांव्यतिरिक्त आहेत, असे त्याच्या कलम १०० मध्ये म्हटले आहे.

वापरलेल्या गाडीकडून नव्या गाडीची अपेक्षा मी ठेवलेली नाही. ब्रेक पॅड झिजलेले निघाले, बॅटरी उतरली, टायर बदलावे लागले किंवा क्लच प्लेट संपत आली, तर तो खर्च माझा, हे मी व्यवहाराच्या वेळीच धरून चालले होते आणि पुढील टायरांबाबत मी आपल्याकडे एक शब्दही काढलेला नाही. झीज आणि दडवलेला बिघाड यांत फरक असतो, व तो आपल्या तंत्रज्ञांना माझ्यापेक्षा अधिक चांगला कळतो. विम्यातून दावा करण्याचा जो सल्ला आपल्या कार्यालयाने दिला, तोही निरुपयोगी आहे, कारण मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत यांत्रिक बिघाड स्पष्टपणे वगळलेला असतो. रोज गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

माझी मुख्य मागणी अशी की, आपण गाडी परत घ्यावी, भरलेली पूर्ण किंमत व्याजासह परत करावी आणि नोंदणी हस्तांतरण, विमा, टोइंग व तपासणी यांचा बिलांप्रमाणे झालेला खर्च द्यावा. गाडीवरील कर्ज बंद करण्यासाठी बँकेची कागदपत्रे लागतील, त्यासाठी मी सहकार्य करीन. हे आपल्याला मान्य नसल्यास एकच पर्याय मी विचारात घेईन. दोघांना मान्य असलेल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सिलिंडर हेडसह संपूर्ण दुरुस्ती आपल्या खर्चाने व्हावी आणि इंजिन व कूलिंग यंत्रणेची एक वर्षाची लेखी हमी आपण द्यावी. केवळ गॅस्केट बदलून किंवा पुन्हा काही ओतून गाडी परत दिल्यास मी ती स्वीकारणार नाही. पुढील सेवेवरील सवलतीचे जे कूपन आपण देऊ केले होते, तेही मी नाकारत आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले लेखी उत्तर यावे. ते न आल्यास किंवा असमाधानकारक असल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार ही तक्रार मी राहते त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, त्यामुळे करारात आपल्या मुख्यालयाचे न्यायक्षेत्र छापलेले असल्याने तिला अडसर येऊ नये. तक्रारीसाठी कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे, पण मी तितका काळ थांबणार नाही. दोषाची शहानिशा प्रयोगशाळेकडून करून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि हेड न उघडता गाडी जशी आहे तशी ठेवण्यामागे माझा हाच हेतू आहे.

आपल्या तंत्रज्ञाला गाडी पाहायची असल्यास गॅरेजच्या कामकाजाच्या वेळेत ती पाहता येईल. आदल्या दिवशी मला लेखी कळवावे आणि तपासणी माझ्या उपस्थितीत व्हावी, एवढीच अट आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)
वाहन खरेदीदार

सोबत : विक्रीचे बिल व करार, आपला तपासणी अहवाल, गॅरेजचा लेखी अहवाल व छायाचित्रे, स्कॅनरच्या नोंदीची प्रत, टोइंगचे बिल आणि आजवरचा ईमेल पत्रव्यवहार, या सर्वांच्या छायाप्रती. मूळ कागदपत्रे माझ्याकडे आहेत.