एक्स्टेन्शनवर सही केली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितोय. पेन्शनचे कागद भरायचे होते, त्याऐवजी मी नौदलातली नोकरी पुढे वाढवायच्या कागदावर, एक्स्टेन्शनवर, सही केली आहे. पोस्टिंग ओडिशात, आय. एन. एस. चिल्काला. नाव जहाजासारखं असलं तरी ते जमिनीवरचं प्रशिक्षण केंद्र आहे, चिल्का सरोवराच्या काठी. आई, तिथून मी समुद्रावर जाणार नाही. रोज रात्री फोन लागेल. जेवण वेळेवर, झोप पक्क्या जमिनीवर, आणि नौदलाचं 'निवारिणी' हे रुग्णालय तिथेच आहे. माझी पाठही तिथे सुधारेल.

आता का ते सांगतो. नौदलात भरती झालेली मुलं आधी चिल्काला येतात. अग्निवीर म्हणून येणारी ही पोरं, आता मुलीसुद्धा, चार वर्षांसाठी येतात आणि त्यांतली फार तर 25 टक्के पुढे कायम होतात. आम्हाला बंदरावरच्या म्हाताऱ्या चीफ लोकांनी वर्षानुवर्षं हळूहळू शिकवलं. या मुलांना तेवढा वेळ नाही. जे कळायचं ते सुरुवातीलाच कळायला हवं, आणि ते नुसतं "असंच करायचं" म्हणून सांगितलं तर टिकत नाही. कारण सांगणारा माणूस लागतो. बाबा, मला कारणं सांगायला आवडतं, ते तुमच्याकडूनच आलंय.

तारकर्लीला 2023 च्या नौदल दिनी तुम्ही विचारलं होतंत की आमचा सॅल्यूट नानाकाकाच्या लष्करी सॅल्यूटसारखा का नाही. आमचा तळवा खाली वळलेला असतो. शिडाच्या जहाजांवर दोरखंड आणि डांबर हाताळून खलाशांचे हात काळे व्हायचे, ते समोरच्याला दिसू नयेत म्हणून ही पद्धत पडली असं जुने लोक सांगतात. जहाजावर शीळ घालायला बंदी असते, कारण हुकूम बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, शिट्टीवर दिले जातात. वाऱ्यात, लाटांच्या आवाजात माणसाचा आवाज पोचत नाही, ती बारीक धारदार शिट्टी पोचते. कोणी गंमत म्हणून शीळ घातली आणि दोर ओढणाऱ्याने तो हुकूम समजला तर हात जायचा. घंटा दर अर्ध्या तासाला एक टोल वाढवत जाते, आठ झाले की चार तासांचा पहारा बदलतो. अंधारात कोणी किती वेळ उभं राहायचं याचा न्याय ती घंटा करायची. हे कळलं की पोरगा पहाऱ्यावर कुरकुरत नाही, हे मी पाहिलंय.

जहाजावर पाय ठेवताना आम्ही क्वार्टरडेकच्या, म्हणजे जहाजाच्या मागच्या डेकच्या, दिशेने सॅल्यूट करतो. समोर कोणी अधिकारी असो वा नसो. त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, आणि बोलताना मी खुकरीपाशी येतो. 9 डिसेंबर 1971, दीवच्या समुद्रात आय. एन. एस. खुकरीला टॉर्पेडो लागला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी माणसं उतरवली, स्वतः जहाज सोडलं नाही. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन सगळ्यांच्या शेवटी उतरतो ही प्रथा पुस्तकात वाचून कोणाला समजत नाही. आई, घाबरवायला लिहिलं नाही गं. तुझा मुलगा काय शिकवणार आहे ते तुला नीट कळावं म्हणून लिहिलं.

1946 च्या फेब्रुवारीतलं नौसैनिकांचं बंडही मी सांगणार आहे. मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या जमिनीवरच्या तळावर 18 तारखेला पोरांनी निकृष्ट जेवण आणि अपमानाविरुद्ध काम थांबवलं. ती पोरं या अग्निवीरांच्याच वयाची होती. शिस्त म्हणजे मान खाली घालणं नव्हे, हे त्यांना आमच्याकडून कळायला हवं.

आणि झेंडा! 2 सप्टेंबर 2022 ला कोचीला विक्रांत नौदलात आलं त्या दिवशी जुन्या झेंड्यावरचा लाल क्रॉस गेला आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. खाली 'शं नो वरुणः' हे नौदलाचं बोधवाक्य. बाबा, तुमच्या खांद्यावर बसून सिंधुदुर्गावर चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा पाहिला होता, साखरबावीचं पाणी प्यायलो होतो. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं, म्हणून मी तुम्हाला होडीत परत येईपर्यंत छळलं होतं. 1664 मध्ये त्या किल्ल्याचा पाया घातला, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. तेच मी आता बिहारच्या, हरयाणाच्या मुलांना सांगणार. ज्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही अशांना.

तुम्हाला वाटेल, दुसऱ्यांच्या मुलांसाठी हा घरी येत नाही. तसं मनात आणू नका. घरी यायचंच आहे, दोन वर्षांनी. दादा-वहिनी आहेत म्हणूनच ही सही करू शकलो, आणि त्यांना मी सगळं सविस्तर सांगितलं आहे.

आता ऐका. बाबांनी कलमांवर फवारणीला जायचं नाही, गडी लावा, पैसे मी पाठवतोय. माळ्यावर चढायचं नाही, काहीही हवं असलं तरी. साखरेची गोळी जेवणाआधी, "विसरलो" चालणार नाही; वहिनी डबीत वार लावून ठेवेल. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही, तो बांध. मोतीबिंदूचं पावसाळ्यानंतर बघू असं तू तीनदा म्हणालीस, आता दिवाळीनंतरची तारीख दादा घेतोय, तेव्हा नाही म्हणायचं नाही. त्या वेळी मी येतो, रजेचा अर्ज दिला आहे.

थंडीत तुम्ही दोघं चिल्काला या. भुवनेश्वरपर्यंत विमान, पुढे मी गाडी घेऊन येईन. खोलीत पाश्चात्य पद्धतीचा संडास आहे, गरम पाणी आहे, बाबांना सकाळी चालायला सपाट रस्ता आहे. आई, सरोवरावर हिवाळ्यात लाखो पक्षी येतात, तुला बसल्याबसल्या दिसतील.

पत्र मिळालं की दादाच्या फोनवरून कळवा. रागावला असाल तरी कळवा.

तुमचा,
बाळू