परिवहन मंत्री साहेब, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्रीबद्दल लिहितेय

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

१५ जून २०२५ च्या रात्री, म्हणजे खरं तर १६ तारीख लागली होती, दोन वाजून दहा मिनिटांनी मी पनवेलजवळ कळंबोलीला हायवेच्या कडेला उभी होते. पाऊस धो धो, कडेवर साडेपाच वर्षांचा मुलगा झोपलेला, आठ वर्षांची मुलगी माझी ओढणी घट्ट धरून उभी आणि पायाशी सामानाचे पाच डाग, त्यातलं तांदळाचं पोतं खालून भिजायला लागलेलं. खाजगी ट्रॅव्हल्सच्या बसचं तिकीट डोंबिवलीपर्यंतचं होतं. गाडीवाल्याने सांगितलं की गाडी आता पुढे जाणार नाही, सगळ्यांनी इथेच उतरून घ्या, आणि आम्ही अकरा जण उतरलो. त्यात एक सत्तरीच्या आजी, अजून एक बाई तिच्या तान्ह्या बाळासोबत, आणि दोन कॉलेजच्या मुली. पाच तासांनी, सात वाजता माझ्या मुलांची शाळा होती.

ट्रॅव्हल्सचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये कारण एका गाडीला दंड झाला म्हणून हे सुटणार नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. २ मे ला सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी मुलं आजीकडे जातात, ती थेट जूनला परत येतात. आम्ही दोघंही नोकरी करतो त्यामुळे महिनाभर आमच्यापैकी कोणीच गावाला राहू शकत नाही. मी शुक्रवारी १३ जूनला ऑफिस सुटल्यावर रात्रीच्या गाडीने निघाले, शनिवारी सकाळी पोचले आणि रविवारी मुलांना घेऊन परत. मिस्टरांची त्या रात्री नाइट शिफ्ट होती. हे एवढ्यासाठी सांगतेय की हा विषय निघाला की लोक पहिलं हेच म्हणतात, एक दोन दिवस आधी निघायचं ना. कसं निघणार, आमच्यासारख्या हजारो बायका अशाच शुक्रवारी रात्री गावाला जाऊन रविवारी पोरं घेऊन येतात, त्यांना आधीचा दिवसच नसतो.

ट्रेनचं म्हणाल तर रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, मी एप्रिलच्या मध्यावर त्या सकाळी आठ वाजता मोबाईल घेऊन बसले होते, पैसे भरेपर्यंत वेटिंगवर गेलं आणि शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं. आणि २०२५ ला कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू झालं तेच नेमकं १५ जूनपासून. पावसात गाड्या हळू चालवायला लागतात ते आम्हाला पटतं, दरडी काय असतात ते आमच्या लोकांनी बघितलंय. पण ज्या रविवारी निम्मं कोकण मुंबईकडे निघतं त्याच रविवारी गाड्यांच्या वेळा बदलतात, हे ठरवताना दुसऱ्या दिवशी शाळा आहे हे कोणाच्या डोक्यात आलं असेल का हो?

एसटीच्या सोयीच्या गाड्या तोवर भरून गेल्या होत्या. साहेब, एसटीत माझं तिकीट अर्धं, २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांचंही अर्धंच. म्हणजे आम्ही तिघं मिळून दीड तिकिटात मुंबईला येतो. ट्रॅव्हल्सला तीन पूर्ण तिकिटं. एरवी सात-आठशेला मिळणारी सीट त्या दिवशी १८०० ला होती, मी ५४०० भरले. बुकिंगवाला म्हणाला धाकट्याला मांडीवर घ्या, एका सीटचे वाचतील. चौदा पंधरा तास मांडीवर?

२७ एप्रिल २०१८ चा तुमच्याच सरकारचा शासन निर्णय आहे की खाजगी गाड्यांनी त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या जास्तीत जास्त दीडपट भाडं घ्यायचं. हा निर्णय माझ्यासारखीला माहीत आहे तर गाडीवाल्यांना नक्कीच माहीत असणार. पण तिकीट काढताना कुठेही लिहिलेलं नसतं की या मार्गावर दीडपट म्हणजे नक्की किती, मग रात्री मोबाईलवर बुकिंग करणारी बाई भांडणार कोणाशी आणि कशाच्या जोरावर?

सकाळी अकराला राजापुरातून निघालो. संगमेश्वर आरवलीचे खड्डे, तिथून चिपळूणपर्यंतच तीन वाजून गेले. परशुराम घाट पावसात जपून, कशेडीचा बोगदा झालाय त्याने खरंच मोठी सोय झाली ते म्हणायला हवं, पण पुढे लोणेरे माणगावला जे अडकलो ते अडकलोच. माणगावचा बायपास किती वर्षं होतोय ते तुम्हाला मी काय सांगू. मुंबई-गोवा हायवेचं पनवेल ते इंदापूरचं काम २०११ ला सुरू झालं, माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं, आता माझी मुलगी तिसरीत गेली.

महाडला सावित्रीचा पूल आला तेव्हा अंधार पडला होता. तिथे गाडीत आपोआप सगळे गप्प होतात, आमच्याकडचे तर होतातच. २ ऑगस्ट २०१६ ला रात्री तो जुना पूल वाहून गेला तेव्हा ज्या दोन एसटी नदीत गेल्या त्यातली एक राजापूर-बोरिवली होती, दुसरी जयगड-मुंबई. माझी मुलगी विचारते आई तू इथे हात का जोडतेस, तिला अजून सांगितलेलं नाही. पण त्याच ठिकाणी नवीन पूल वर्षाच्या आत उभा राहिला, पुढच्या पावसाळ्याआधी गाड्या सुरू झाल्या. म्हणजे करायचं ठरवलं की होतं साहेब, आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

आता मुलांना घेऊन रात्री प्रवास म्हणजे काय ते सांगते कारण मंत्रालयात बसून ते कळायला जरा अवघड आहे. गाडी साडेसहाला एका हॉटेलवर थांबली, त्यानंतर कळंबोलीपर्यंत नाही. साडेसात तास. मुलगी साडेदहापासून सांगत होती आई मला जायचंय, मी क्लीनरला तीनदा सांगितलं, तो म्हणाला ताई ट्रॅफिकमध्ये कुठे थांबवू, आणि रस्त्याला खरंच कुठे उतरवण्यासारखी जागा नव्हती, एका बाजूला खणलेलं आणि दुसऱ्या बाजूला ट्रकची लाईन. शेवटी नागोठण्याच्या पुढे गाडी जराशी थांबली तेव्हा उभ्या ट्रकच्या आडोशाला नेलं, मोबाईलची बॅटरी लावून, दुसऱ्या बाईने ओढणी धरली. आठ वर्षांची मुलगी आता सगळं समजते, ती रडली. ती नंतर घरी येईपर्यंत पाणी प्यायली नाही, परत लागेल म्हणून. ज्या बायका हे वाचतील त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही, आपण सगळ्याच निघायच्या आधी पाणी प्यायचं बंद करतो, पण हे आपण आपल्या मुलींना शिकवतोय याचं मला फार वाईट वाटतं.

आणि ड्रायव्हर. एकच होता. सकाळी अकरापासून रात्री दोनपर्यंत एकच माणूस. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा आहे, त्यात दिवसाला आठ तास ठरवलेत, लांबच्या मार्गाला फार तर दहा. पेणच्या पुढे तो डोक्यावर पाणी मारून घेत होता, ते बघून मी पुढे जाऊन त्याच्याशी गप्पा मारत बसले की त्याला झोप लागू नये. मला त्याचा राग नाही आला, त्यालाही घरी दोन मुली आहेत म्हणाला. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ मध्यरात्री नंतर जी गाडी पेटली त्यात २५ माणसं गेली. रात्रीच्या गाडीत प्रत्येक आई जागीच असते साहेब, ती मुलांच्या छातीवर हात ठेवून बसलेली असते आणि काच फोडायचा हातोडा कुठे आहे ते शोधत असते. आमच्या गाडीत हातोड्याची जागा होती, हातोडा नव्हता.

कळंबोलीला परत येते. तिथे आम्हाला उभं राहायला शेड नाही, उजेड फक्त जाणाऱ्या गाड्यांचा, संडास नाही, पोलीस त्या वेळी तरी दिसला नाही. लोकल त्या वेळेला बंदच असतात, पहाटे चारनंतर सुरू होतात. रिक्षावाला डोंबिवलीचे हजार म्हणाला. मीटरने रात्रीचा सव्वापट धरला तरी पाचशेच्या आसपास होतात, पण भिजणारं पोर कडेवर असताना कोण मीटर बोलणार. एका अंडापावच्या गाडीवाल्याने स्वतःची ताडपत्री आमच्यावर धरली, आजींना बसायला स्टूल दिलं, बाळाच्या आईला आडोसा करून दिला. जे सरकारने करायचं ते त्याने केलं आणि चहाचे पैसे पण घेतले नाहीत.

घरी पोचलो पावणेचारला. मुलीला सात वाजता पाठवलीच कारण पहिल्या दिवशी बाकं ठरतात, तिला तिच्या मैत्रिणीशेजारी बसायचं होतं, महिनाभर तेच चाललं होतं. ती वर्गात झोपली, बाईंनी उठवलं नाही, त्या बाईंचे मी आभार मानते. मुलगा पहिलीत गेलाय. त्याचा पहिलीचा पहिला दिवस होता. सकाळी अंगात ताप, नाही जाऊ शकला. त्या दिवशी राज्यभर शाळांमध्ये प्रवेशोत्सव होता, मंत्री आणि मोठे अधिकारी शाळांमध्ये गेले, मुलांना फुलं दिली, ते मला मनापासून आवडलं, सरकारी माणूस शाळेच्या दारात उभा राहतो ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच मुलांकडे आदल्या रात्री हायवेवर पण कोणीतरी बघावं एवढंच माझं म्हणणं आहे.

गणपतीला तुम्ही करताच की. चार-पाच हजार जादा गाड्या सोडता, टोल माफ होतो, अवजड वाहनं बंद करता, हायवेवर मदत केंद्र उभी राहतात. गणपतीची तारीख जशी पंचांगात असते तशी शाळेची तारीख एप्रिलमध्येच परिपत्रकात असते, यात अचानक काहीच नाहीये. २०२५ ला विदर्भात उन्हामुळे २३ जूनला शाळा उघडल्या, म्हणजे विदर्भवाल्यांचा परतीचा रविवार वेगळा. उन्हाळी जादा गाड्या एसटी सोडतेच पण त्या सगळ्या सीझनभर पसरलेल्या असतात, शाळेच्या आधीचे तीन दिवस धरून कोकणातून डोंबिवली, नालासोपारा, बोरिवली, भांडुपपर्यंत थेट आणि सकाळी लवकर निघणाऱ्या गाड्या द्या, ज्या उशीर झाला तरी रात्री दहापर्यंत पोचतील. आणि सुट्टीचं परिपत्रक ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी त्यांचं बुकिंग उघडा.

खाजगी गाड्यांचं, रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात तिकिटावर लिहिलेल्या ठिकाणाच्या आधी कोणालाही उतरवायचं नाही असा स्पष्ट नियम हवा, आणि गाडीत बिघाड असेल तर दुसरी गाडी येईपर्यंत लोकांना गाडीतच बसू द्यायचं. तिकिटावर त्या मार्गाचं कमाल भाडं छापायला लावा. आरटीओची रस्त्यावर गाड्या तपासणारी वायुवेग पथकं आहेत, ती दिवसा दिसतात, त्या दोन-तीन रात्री खारपाड्याला आणि कळंबोलीला उभी करा, ड्रायव्हर दुसरा आहे का आणि हातोडा आहे का एवढं बघितलं तरी पुष्कळ.

कळंबोलीला शेड, दिवे, बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि रात्रीचा प्रीपेड रिक्षा स्टँड. हे कायमचंच करा, पण निदान त्या तीन रात्रींपुरतं तरी. आणि वाटेतल्या एसटी स्टँडवरचे हिरकणी कक्ष आणि बायकांचं स्वच्छतागृह रात्रभर उघडं ठेवा, खाजगी गाडीतल्या बाईलाही तिथे जाता आलं पाहिजे, गाडी कोणाचीही असली तरी बाळ तेच असतं. रायगडाच्या जवळून जाणाऱ्या रस्त्याने आम्ही येतो, जी बाई बाळासाठी रात्री कडा उतरली तिचं नाव त्या खोलीला दिलंय, ती खोली रात्रीच बंद नको.

मी तिकिटाचा फोटो, पैसे भरल्याचा मेसेज आणि कळंबोलीला उतरल्यावर मिस्टरांना पाठवलेलं लोकेशन, त्यावर वेळ आहे, सगळं जपून ठेवलंय. तुमच्या ऑफिसने मागितलं तर गाडीच्या नंबरसकट पाठवते. आमच्यातल्या त्या आजींचा आणि बाळाच्या आईचा फोन नंबर पण आहे, त्या दोघीही बोलायला तयार आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं परत आजीकडे जाणार आहेत. तेव्हा परत येताना कळंबोलीला दिवा लागलेला असेल की नाही, तेवढं कळवा.

आपली,
दोन मुलांची आई, डोंबिवली