ढोलक देऊन टाकू नकोस

अजनी, नागपूर

प्रिय मंगल,

तुझं पत्र परवा मिळालं. काकांचं ढोलक माळ्यावर पडून आहे, एका बाजूची पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटलीय, फ्लॅटमध्ये जागा नाही, कोणाला देऊन टाकू का, असं तू विचारलंयस. फोनच करणार होते. पण फोनवर तू 'हो गं, हो गं' करत घाईत असतेस, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

देऊ नकोस. का ते सांगते, जरा निवांत वाच.

गेल्या रविवारी मी 'पाकीजा' सिनेमा पुन्हा पाहिला. मे महिन्याची दुपार, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि मी कूलर बंद करून बसले होते. त्याच्या घरघरीत ठेका नीट ऐकू येत नाही ना! पदराने घाम पुसत पुसत सगळा पाहिला. आणि पूर्ण वेळ मला आपल्या रेल्वे क्वार्टर्समधला तो गणपती आठवत होता. तुला आठवतो?

लोको शेडच्या पोरांचा ऑर्केस्ट्रा होता. काका ढोलकावर. 'पाकीजा'तलं 'इन्ही लोगों ने' सुरू व्हायचं होतं आणि निवेदक म्हणाला, संगीतकार नौशाद. काकांनी हात उचललाच नाही. गाणारी मुलगी तोंड उघडून थांबलेली, पेटीवाला वळून बघतोय, आणि काका उठून माइकपाशी गेले. "गुलाम मोहम्मद. नौशादसाहेबांनी मागून पुरं केलं ते वेगळं. ज्याचं त्याला द्या ना बाप्पा." मग बसले, मांडीखाली ढोलक ओढलं आणि असं वाजवलं की पहिल्या रांगेतल्या आजीबाईसुद्धा ताल धरू लागल्या. तू मात्र प्रसाद न घेता घरी निघून गेलीस. तुला लाज वाटली होती. खरं सांगते, मलाही काका उगीच हट्टी वाटले होते.

मंगल, ते हट्टी नव्हते. त्यांना माहीत होतं.

गुलाम मोहम्मद मूळचे बिकानेरचे, तबला-ढोलकातले. वर्षानुवर्षं नौशादांचे सहायक म्हणून राबले. १९५४चा 'मिर्झा गालिब' त्यांचा, त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळालं, तरी त्यांच्या दाराशी निर्मात्यांची रांग काही लागली नाही. 'पाकीजा'ची गाणी त्यांनी बांधली आणि चित्रपट रखडत राहिला. १७ मार्च १९६८ला ते गेले. चित्रपट लागला ४ फेब्रुवारी १९७२ला. म्हणजे आपण ज्या गाण्यांवर लहानपणी चादरीचा घागरा करून नाचलो, ती थेटरात लोकांनी कशी उचलून धरली हे त्यांना कधी कळलंच नाही. पार्श्वसंगीत नौशादांनी केलं आणि मनापासून केलं. राजकुमारी, परवीन सुलताना यांच्या ठुमऱ्या मागून झिरपत येतात ना, ती जागा फार सुंदर आहे. काकाही ते कधी नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की 'चलते चलते', 'ठाडे रहियो', 'चलो दिलदार चलो' यांच्यापुढे नाव गुलाम मोहम्मदांचं लागलं पाहिजे.

पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं संगीताचं पारितोषिक 'बेईमान'साठी शंकर-जयकिशन यांना गेलं. त्याच 'बेईमान'साठी प्राणना सहायक अभिनेत्याचं पारितोषिक होतं. ते त्यांनी नाकारलं, संगीताचा मान गुलाम मोहम्मदांचा होता म्हणून! स्वतःच्याच चित्रपटाला मिळालेल्या बक्षिसाविरुद्ध उभं राहायचं, तेही एका गेलेल्या माणसासाठी, ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा प्राण दिसलेच नाहीत, गणपतीच्या मांडवात माइक धरून उभे असलेले काका दिसले.

आणि चित्रपट लागण्याआधी गेलेले गुलाम मोहम्मद एकटेच नव्हते. छायाचित्रण जोसेफ विर्शिंग यांचं. जर्मनीहून 'बॉम्बे टॉकीज'च्या हिमांशु राय यांच्याबरोबर आलेला माणूस, 'अछूत कन्या' त्यांनी टिपला, 'पाकीजा'चे दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा 'महल'सुद्धा. तेही १९६७ला गेले, उरलेलं काम इतर कॅमेरामननी उरकलं. 'पाकीजा'चा विचार सुरू झाला तो १९५०च्या दशकात, काळा-पांढरा म्हणून. मग रंगीत ठरला, मग सिनेमास्कोप. १९६४मध्ये नायिका मीनाकुमारी आणि त्यांचे नवरे कमाल अमरोही वेगळे झाले आणि सगळं बंद पडलं. नर्गिस आणि सुनील दत्त यांनी समजूत घातली तेव्हा १९६९मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यामुळे मीनाकुमारींनी केलेल्या एकाच साहिबजानचा चेहरा एका प्रसंगात भरलेला, तर दुसऱ्यात ओढलेला दिसतो. आधी लक्षात यायचं नाही, आता येतं आणि पोटात कालवतं. शेवटच्या त्या काचांवरच्या नाचात घुंगटाआड पद्मा खन्ना आहेत, कारण मीनाकुमारींच्या अंगात तेवढी ताकदच उरली नव्हती. ३१ मार्चला त्या गेल्या. चित्रपट लागून फक्त आठ आठवडे झाले होते, वय अडतीस.

कथेबद्दल म्हणशील तर उत्तरार्ध मला आजही ढिला वाटतो. योगायोग फार. नायक सलीम साहिबजानला निकाहाच्या वेळी नवं नाव देतो, तिच्या पायांशी ठेवलेली ती चिठ्ठी लिहिणारा हाच का, असं वाटण्याइतका तिथे तो कोरडा आहे. पण चिठ्ठीचा प्रसंग! आगगाडीच्या डब्यात झोपलेली अनोळखी बाई, तिचे पाय बघून कोणीतरी दोन ओळी लिहून उतरून जातो, आणि त्यानंतर गाडीची शिटी झाली की ती बाई कोठ्यावर आहे तिथेच थबकते. 'चलते चलते' संपताना तीच शिटी येते, एकदा, मग पुन्हा. आपण तर शिट्यांवरच वाढलो. काका अंगणात विडी ओढत बसायचे आणि शिटी ऐकून मालगाडी की पॅसेंजर सांगायचे. आपण पैज लावून हरायचो.

एक गोष्ट यावेळी पहिल्यांदा दिसली. 'इन्ही लोगों ने'मध्ये साहिबजानच्या मागे बघ. बाजार आहे आणि दूरवर एकेका माडीवर एकेक बाई नाचतेय, प्रत्येक जण आपापल्या ठेक्यात, बोटाएवढी दिसणारी. त्यांच्याकडे कॅमेरा एकदाही जवळ जात नाही. तरी कोणी तरी ती प्रत्येक माडी उभी केली, रंगवली, दिवे लावले. एन. बी. कुलकर्णी, कला-दिग्दर्शनाचं फिल्मफेअर त्यांना मिळालं, या चित्रपटाला त्या वर्षी मिळालेलं ते एकमेव फिल्मफेअर. आपल्या मराठी माणसाचं नाव, आणि मी इतकी वर्षं ते वाचलंही नव्हतं. मी तीन वेळा मागे घेऊन नुसत्या त्या माड्या पाहिल्या.

म्हणून म्हणते, ढोलक देऊ नकोस. इथल्या महाल भागात एक म्हातारे गृहस्थ अजून पुडी चढवून देतात, मी जाऊन विचारून आले. खोड सांभाळलेलं असेल, कुठे तडा नसेल, तर आठ दिवसांत होईल म्हणाले. माझा भाचा तबला शिकतोय, डावा हात चांगला पडतो पोट्ट्याचा. त्याला काकांचा ठेका ऐकून माहीत आहे, माझ्या तोंडून. यंदा गणपतीत तो वाजवेल, आणि गाण्याआधी काय सांगायचं ते मी त्याला पढवून ठेवलंय.

जूनमध्ये येतेस तेव्हा घेऊनच ये. कड्या सैल कर, चादरीत गुंडाळ आणि सामानात टाकू नकोस, बर्थखाली पायाशी ठेव. स्टेशनवर मी येईन, आधी घरी चल, तर्री-पोहे खाऊ, मग महालात जाऊ.

आणि ती फाटकी पुडी फेकलीस तर बघ. त्यावर बोटांनी पडलेला काळपट डाग असेल, तो मला बघायचाय.

तुझी,
कुंदा